पिकअपला कोणतं ऑइल? कोकणातल्या नव्या गाडीमालकासाठी पायरी-पायरीने

पहिली पिकअप दारात आली की आठवड्याभरात तीन सल्ले मिळतात. मेकॅनिक म्हणतो, पंधरा-चाळीस टाका, आपल्याकडे तेच चालतं. दुकानदार फुल सिंथेटिकचा महागातला डबा पुढे सरकवतो. जेटीवर शेजारी गाडी लावणारा जुना ड्रायव्हर सांगतो, उन्हाळ्यात वीस-पन्नास घाला, इंजिन गरम होणार नाही. तिघंही आपापल्या अनुभवाने बोलत असतात, पण तुमच्या इंजिनचं पुस्तक तिघांपैकी एकानेही उघडलेलं नसतं.

बोलेरो पिकअप, इन्ट्रा, योद्धा, दोस्त किंवा तत्सम डिझेल गाडी नवी किंवा जुनी घेऊन मासळी, आंबा, चिरे, किराणा असली भाडी मारायला निघालेल्या माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑइल निवडताना ब्रँडचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी गाडीची पिढी, डब्यावरचे आकडे नि अक्षरं आणि तुमचं काम. दुकानात मात्र सुरुवातच ब्रँडने होते.

पायरी १: आरसी काढा, गाडी कुठल्या पिढीची ते बघा

देशभर बीएस४ (भारत स्टेज ४, धुरातल्या प्रदूषणाचं सरकारी मानक) एप्रिल २०१७ पासून लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस६. आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये ही नोंद सापडते. जुनी गाडी कोल्हापूरहून किंवा गोव्यातून घेतली असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, नोंद स्वतः वाचा. पुढचं सगळं या एका नोंदीवर ठरतं.

कारण असं की बहुतेक बीएस६ डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो. हा गाळणीसारखा भाग धुरातली काजळी अडवतो आणि पुरेशी साठली की साधारण ६०० अंशांच्या घरात तापवून ती जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. काजळी जळते, पण राख जळत नाही. ही राख येते प्रामुख्याने इंजिन ऑइलमधून. ऑइलमध्ये सफाईसाठी आणि झीज रोखण्यासाठी जी धातूची संयुगं मिसळलेली असतात, थोडं थोडं ऑइल जळताना त्यांची राख होते आणि ती डीपीएफच्या बारीक वाटांमध्ये कायमची बसते. म्हणून बीएस६ गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या गाडीला उत्तम चाललेलं ऑइल इथे घातलं तर इंजिन लगेच तक्रार करत नाही. डीपीएफ मात्र वेळेआधी चोंदतो, आणि नवा डीपीएफ घ्यायची वेळ आली की ऑइलमध्ये वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

तुमची गाडी पेट्रोल किंवा सीएनजीची असेल तर डिझेलच्या अक्षरांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. तुमच्या डब्यावर एपीआयचं (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) ‘एस’ने सुरू होणारं वर्गीकरण हवं, एसएन किंवा एसपी असं. बाकीचं उपयोगी पडेल.

पायरी २: पुस्तक उघडा

ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं ओनर्स मॅन्युअल बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यात शेवटच्या भागात ल्युब्रिकंटचं एक कोष्टक असतं. तिथून चार गोष्टी एका कागदावर उतरवा: ग्रेड (उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४०), दर्जाची अक्षरं (एपीआय, एसीईए किंवा गाडीच्या कंपनीचं स्वतःचं मानक), फिल्टरसकट किती लिटर, आणि किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचं. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात हाच दाखवायचा.

पुस्तक हरवलं असेल तर गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा पीडीएफ मिळते. नाही मिळाली तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर चॅसिस नंबर देऊन विचारा. काही गाड्यांच्या ऑइल भरायच्या झाकणावरच ग्रेड छापलेली असते.

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. कंपनी सांगते तेच ऑइल, तिच्याच केंद्रात, वेळेवर, आणि बिलं फाइलला. प्रयोग करायचे दिवस वॉरंटी संपल्यावर येतात.

पायरी ३: दोन आकडे समजून घ्या

१५डब्ल्यू-४० मध्ये डब्ल्यू म्हणजे हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर किती जाडी उरते ते.

थंडीचा हा हिशोब उणे तापमानाचा आहे. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. दापोलीला थंडीच्या लाटेत पारा दहाच्या आसपास आला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणजे गोठण्याची भीती दाखवून कोणी तुम्हाला ५डब्ल्यू विकत असेल तर हसून सोडून द्या.

तरीही पहिला आकडा अगदीच निरुपयोगी नाही. पहाटे पाचला इंजिन सुरू करता तेव्हा आपल्याकडचं पंचवीस अंशांचं ऑइलसुद्धा इंजिनच्या मानाने थंडच असतं. ४० अंशांवर साधारण १५डब्ल्यू-४० ऑइलची जाडी शंभर सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) वर असते, ५डब्ल्यू-३० ची सत्तरच्या आसपास. पातळ ऑइल टर्बोपर्यंत लवकर पोचतं. दिवसात एकदाच सुरू करून दिवसभर पळणाऱ्या गाडीला हा फरक जाणवणार नाही. जेटी ते बर्फाचा कारखाना, तिथून बाजार, पुन्हा जेटी अशी दिवसात वीसदा चालू-बंद होणाऱ्या गाडीला थोडा जाणवेल.

आपल्या कामाचा आकडा दुसरा. शंभर अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ च्या. पण भरलेली गाडी आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर चढत असते तेव्हा बेअरिंगमध्ये शंभर अंशांहून जास्त गरम आणि प्रचंड दाबाखाली ऑइलचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवत असतो. त्याची परीक्षा १५० अंशांवर घेतात. तिचं नाव एचटीएचएस. ३० ग्रेडला किमान २.९ चालतं, ५डब्ल्यू-४० ला ३.५ लागतं, १५डब्ल्यू-४० ला ३.७. ओझं ओढणाऱ्या इंजिनाला हा आकडा जितका चांगला तितकं बरं. म्हणूनच कित्येक वर्षं पिकअप आणि ट्रकांच्या दुनियेत १५डब्ल्यू-४० ने राज्य केलं, आणि ते उगाच नव्हे.

मग सगळ्यांनी ४० च टाकावं का? नाही. ज्या इंजिनासाठी कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्याच्या बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, टर्बोकडे जाणाऱ्या नळ्या सगळं त्या जाडीला धरून बनवलेलं असतं. पुस्तकात कधी कधी दोन ग्रेड दिलेल्या असतात, हवामानाप्रमाणे किंवा कामाप्रमाणे. दोन असतील तर घाटाचं आणि ओझ्याचं काम करणाऱ्याने जाड ग्रेड घ्यावी. एकच असेल तर तीच.

वीस-पन्नासवाल्या सल्ल्याचंही उत्तर इथेच देतो. कोकणात गरम होतं म्हणून ऑइल जाड घालायचं, ही समजूत खूप खोल रुजलेली आहे. पण इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून सांभाळतात. बाहेर पंचवीस असो की छत्तीस, कूलंट ठरलेल्या टप्प्यातच राहतं. मे महिन्यात गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली लाल माती, कूलंटची पातळी आणि फॅन पाहा. घट्ट ऑइलमुळे त्यातलं काहीच दुरुस्त होत नाही, उलट घर्षणाने उष्णता थोडी वाढतेच.

पायरी ४: अक्षरं वाचा, आणि ती डब्याच्या मागच्या बाजूला असतात

डब्याच्या पुढच्या बाजूला वाघ, रेसची गाडी, उसळणारं सोनेरी तेल असलं काहीतरी असतं. कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात.

डिझेलसाठी एपीआयची अक्षरं ‘सी’ने सुरू होतात. सीआय-४ हा २००२ च्या सुमाराचा दर्जा, सीजे-४ २००६ चा, सीके-४ २०१६ च्या अखेरीस आला. सीजे-४ पासून राखेवर मर्यादा आली: सल्फेटेड ॲश जास्तीत जास्त १ टक्का. सीके-४ मध्ये तीच मर्यादा कायम ठेवून उष्णतेत टिकण्याची ताकद वाढवली. एसीईए या युरोपीय संघटनेच्या सी२ आणि सी३ दर्जांत राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. या दोघांत फरक जाडीचा आहे. सी३ ला एचटीएचएस किमान ३.५ लागतो, सी२ ला २.९ पुरतो. तेव्हा एखादं ५डब्ल्यू-३० ऑइल सी३ असेल तर ते नेहमीच्या ३० पेक्षा तापल्यावर जास्त भक्कम राहतं. पुस्तकात ५डब्ल्यू-३० सी३ लिहिलं असेल तर ‘पाच-तीसच आहे हो’ म्हणून सी२ किंवा दुसरंच काही घेऊ नका. दुकानदार हा फरक करेलच असं नाही.

एफए-४ अशी अक्षरं दिसली तर डबा खाली ठेवा. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं, ठरावीक नव्या इंजिनांसाठीचं ऑइल आहे आणि जुन्या दर्जाच्या जागी चालत नाही.

बीएस३, बीएस४ गाडीवाल्यांना प्रश्न पडतो की सीआय-४ सांगितलं असताना सीके-४ टाकलं तर? चालतं. एपीआयचे हे दर्जे सहसा मागच्या दर्जांची जागा घेऊ शकतात. पूर्वी एक अडचण होती. डिझेलमध्ये गंधक जास्त असलं की जळताना आम्ल तयार होतं आणि ते मारायला ऑइलमध्ये आम्लारी (अल्कली) भाग भरपूर लागायचा. कमी राखेच्या ऑइलमध्ये तो कमी असतो. आता पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नसतं, बीएस४ च्या वेळी ते पन्नास भागांपर्यंत चालायचं. त्यामुळे तो मुद्दा बराचसा मिटला. उलट दिशेने मात्र जायचं नाही. बीएस६ गाडीत सीआय-४ टाकायचं नाही, ते कितीही स्वस्तात मिळत असलं तरी.

पायरी ५: सिंथेटिक म्हणजे नेमकं काय घेताय

ऑइलचा मोठा हिस्सा बेस ऑइलचा आणि बाकीचा ॲडिटिव्हचा असतो. बेस ऑइलचे पाच गट करतात. पहिला गट साधं शुद्ध केलेलं खनिज तेल, दुसरा त्याहून स्वच्छ, तिसरा कच्च्या तेलापासूनच पण हायड्रोजनच्या प्रक्रियेने रेणू मोडून-जोडून बनवलेला, चौथा पीएओ म्हणजे रसायनशाळेच्या पद्धतीने घडवलेला, आणि पाचव्यात उरलेले सगळे. बाजारात ‘फुल सिंथेटिक’ म्हणून मिळणारा बराच माल तिसऱ्या गटाचा असतो. त्यात फसवणूक नाही. तिसऱ्या गटाचं चांगलं ऑइल आपल्या कामाला पुरेपूर आहे. ‘सेमी सिंथेटिक’मध्ये मात्र किती टक्के सिंथेटिक हे डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं. ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ हा शब्दप्रयोग दिसला की मी किंमत पुन्हा एकदा बघतो.

सिंथेटिकने काय मिळतं? उष्णतेत ते हळू बिघडतं, कमी उडतं, टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगवर त्याचा कोळसा कमी होतो, गार असताना ते लवकर वाहतं. काय मिळत नाही, ही यादी लांब आहे. घासलेल्या रिंगा ते भरून काढत नाही. काजळी, धूळ आणि डिझेल सिंथेटिकमध्येही तितकंच मिसळतं. एअर फिल्टर फाटका असेल तर महागडं ऑइलही चिऱ्यांची लाल धूळ गोळा करणार आणि बोअर घासणारच. म्हणून ‘सिंथेटिक आहे, चालेल अजून पाच हजार’ हा हिशोब स्वतःच्या मनाने करायचा नाही. बदलायचं अंतर पुस्तक ठरवतं.

आणि ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असं डिझेलमध्ये नसतं. नवं ऑइल काही दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे.

पायरी ६: तुमचं भाडं कसलं ते बघा

कोकणातली सगळी पिकअप भाडी एका जातीची नाहीत, आणि निवडीचा खरा कस इथे लागतो.

मासळीची गाडी. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, मालवण. चार-सहा किलोमीटरच्या फेऱ्या, लिलाव होईपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबणं, मग पुन्हा फेरी. इंजिन पुरतं तापतच नाही. बीएस६ गाडीत यामुळे एक खास त्रास होतो. डीपीएफ रिजनरेशन सुरू करतो, त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं, आणि अर्ध्यात इंजिन बंद केलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून चेंबरमध्ये (इंजिनखाली ऑइल साठतं तिथे) जातं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. नव्या मालकाला वाटतं, वा, गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ होत असतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल लगेच बदला आणि गाडी दाखवा. अशा गाडीला सिंथेटिक चांगलंच, पण त्याहून मोठा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका लयीत गाडी पळवणं. डीपीएफचा दिवा लागला असेल तर मुक्कामाला पोचलो म्हणून लगेच चावी फिरवू नका, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रिजनरेशन पुरतं होऊ द्या.

आंब्याची गाडी. देवगड, पावस किंवा राजापूरहून पेट्या भरून रातोरात वाशी मार्केट. देवगडहून चारशे किलोमीटरच्या वर एका दमात. इंजिनाच्या दृष्टीने हे काम सोपं आहे: पूर्ण तापलेलं, एका वेगात चालणारं. पुस्तकात लांब अंतराची मुभा असेल तर सिंथेटिकचा पैसा इथे वसूल होतो, कारण मार्च ते मेमध्ये गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. मी तर सांगेन, हंगाम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच ऑइल आणि सगळे फिल्टर बदलून घ्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत गॅरेजची पायरी चढावी लागत नाही.

चिऱ्यांची, वाळूची, बांधकामाची गाडी. हे सगळ्यात वाईट काम. चिरेखाणीतली धूळ, कच्चा चढ, आणि खरं बोलायचं तर परवानगीपेक्षा जास्त वजन. वर कधी आंबा, कधी अणुस्कुरा, कधी करूळ घाट. पुस्तकात ‘खडतर वापर’ म्हणून वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते तुमच्यासाठीच आहे. गाडी जुनी, बीएस३ किंवा बीएस४ असेल तर चांगल्या दर्जाचं खनिज किंवा सेमी सिंथेटिक १५डब्ल्यू-४० घेऊन वेळेआधी बदलणं हे महाग सिंथेटिक वेळेवर बदलण्यापेक्षा शहाणपणाचं. धूळ ऑइलमध्ये राहते, ती बाहेर काढायची एकच रीत, ऑइल काढून टाकणं. वाचलेल्या पैशात एअर फिल्टर घ्या.

पायरी ७: पैशाचा हिशोब डब्यावर नाही, किलोमीटरवर

समजा तुमच्या गाडीला सहा लिटर लागतं. समजा खनिज ऑइल ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७००, आणि फिल्टर ४०० चा. (भाव तुमच्या दुकानातले घाला, हे फक्त रीत दाखवायला.) खनिज भरलं तर २,५०० रुपये, दहा हजार किलोमीटरला बदललं तर किलोमीटरमागे २५ पैसे. सिंथेटिकचे ४,६०० रुपये. पुस्तक वीस हजार किलोमीटरची मुभा देत असेल तर २३ पैसे, आणि एक खेप गॅरेजला जायचं वाचलं. पण पुस्तकात दहा हजारच लिहिलं असेल तर तेच सिंथेटिक ४६ पैशांना पडतं. बीएस६ गाडीला दुसरा मार्गच नसेल तर ते द्यायचेच. जुन्या गाडीला तसं बंधन नसेल तर २१ पैसे कशासाठी देतोय, हे स्वतःला विचारा. टर्बो असलेली, घाटात रोज चढणारी, निगुतीने राखलेली गाडी असेल तर उत्तर ‘हो’ येऊ शकतं. रिंगा घासलेली, निळा धूर सोडणारी असेल तर नक्कीच ‘नाही’.

किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी महिन्यांची मर्यादा पाळा. मासेमारी बंदीत जून-जुलै गाडी उभी राहते, दमट हवेत चेंबरमध्ये पाणी धरतं. नारळी पौर्णिमेनंतर कामाला लागायच्या आधी ऑइल बघून घ्या.

पायरी ८: विकत कुठून, कसं

नकली ऑइलचा धंदा मोठा आहे आणि तो रिकाम्या डब्यांवर चालतो. म्हणून दोन सवयी लावा. घेताना झाकणाचं सील, बॅच नंबर, बनवल्याची तारीख बघा, क्यूआर कोड असेल तर मोबाइलने तपासा, आणि पक्कं जीएसटी बिल घ्या. आणि ऑइल ओतून झालं की डब्याला खिळ्याने भोक पाडा. गॅरेजमध्ये बदलत असाल तर डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामा तुम्हीच ताब्यात घ्या. मेकॅनिकला राग येत असेल तर येऊ द्या.

त्या तेल कंपनीचा पेट्रोल पंप, तिचा अधिकृत वितरक किंवा गाडीच्या कंपनीचं पार्ट्स काउंटर, ही त्यातल्या त्यात सुरक्षित ठिकाणं. सर्वो, मॅक आणि एचपी ही ऑइलं आपापल्या कंपनीच्या पंपांवर मिळतात. महिंद्राचं मॅक्सिमाइल तिच्या केंद्रांत. कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, गल्फ, वाल्व्होलिन यांचे वितरक रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ या बाजारपेठांत सापडतात. कागदावरचा दर्जा आणि ग्रेड जुळली, माल अस्सल निघाला, की यातलं कुठलंही घ्या. ड्रममधलं सुटं ऑइल मापाने घ्यायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

ताफा असेल आणि मोठं बॅरल घेतलं असेल तर ते आडोशाला ठेवा. पावसात उभ्या बॅरलच्या झाकणावर पाणी साचतं आणि दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने बॅरल श्वास घेतं तेव्हा बुचातून आत ओढलं जातं. जागा नसेल तर बॅरल आडवं करा.

आणि काउंटरवर दिसणाऱ्या त्या ‘ऑइलमध्ये टाका, ताकद वाढवा’ छापाच्या बाटल्या? नको.

पायरी ९: भरताना

इंजिन कोमट असताना, सपाट जागेवर. ड्रेन नटचा वायसर नवा घाला. खाऱ्या हवेत चेंबरला आणि नटाला गंज धरतो, म्हणून नट काढताना चेंबरचा तळही तपासून घ्या. फिल्टर दर वेळी बदला. आधी थोडं कमी भरा, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, ऑइल खाली उतरू द्या, मग डिपस्टिक पाहून दोन खुणांच्या मध्ये आणा. जास्त भरणं कमी भरण्याइतकंच वाईट, फेस होतो आणि ऑइल हवेच्या वाटेत जातं.

खनिजवरून सिंथेटिकवर जाताना इंजिन फ्लश करायची गरज नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. रस्त्यात कमी पडलं तर त्याच दर्जाचं कुठलंही ऑइल घालून घरी या. फक्त बऱ्याच जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात पहिल्यांदा सिंथेटिक टाकलंत तर पहिला टप्पा छोटा ठेवा, कारण सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येतो, आणि जुन्या सीलमधून कुठे ओल दिसते का ते पाहा.

त्यानंतर दर आठवड्याला, गाडी गार असताना, डिपस्टिक. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, गाडी हलवू नका. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तर चावी न लावताच टोइंग करून न्यायची. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे तिथल्या गॅरेजवाल्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. पाणी सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीतलं ऑइल नवं असलं तरी काढायचं, फिल्टरसकट.

उरलेलं जळकं ऑइल व्हाळात किंवा पऱ्यात ओतायचं नाही, हे सांगायला नको. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. पण आपल्याकडे ते खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात आणि गाडीच्या चॅसिसला गंज लागू नये म्हणूनही. चॅसिसला फासलेलं ऑइल रबरी बुश आणि होजपाइप फुगवतं, आणि रस्त्यावर गळतं. गंजावर वेगळं अंडरकोटिंग मिळतं, ते करून घ्या, आणि जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अशा गॅरेजला द्या जिथून नोंदणीकृत रिसायकलर ते उचलतो. कुठलं गॅरेज ते विचारा. ज्याच्याकडे उचलल्याची पावती असेल त्याच्याकडे द्या.